दुखणारा गुडघा आणि न दुखणारा

इटलीतल्या कास्तेल्फिदार्दो गावात अकॉर्डियनचे सूर लावण्यात ओत्तोरीनोचा जन्म गेला. म्हातारपणी त्याचा उजवा गुडघा मधूनच असा सुजायचा, की पांघरुणाचा स्पर्शही सोसवायचा नाही. रक्तात युरिक ॲसिड जरा जास्त निघालं, गावच्या डॉक्टरांनी गाऊट ठरवून टाकला, आणि त्याच्या बायकोनं, देर्नानं, अँचोवी मासे, कलेजी, वाइन सगळं बंद केलं. गोळ्याही झाल्या. गुडघा आपला लहर लागेल तेव्हा सुजतच होता.

शेवटी दोघं अँकोनाला फाब्रित्सियाकडे गेली. संधिवाताची डॉक्टर. तिनं गुडघा दुमडायला लावला, गार जेल चोपडलं आणि सोनोग्राफी सुरू केली.

"पडदा जरा इकडे वळवा की, डॉक्टरीणबाई. गुडघा माझाय."

तिनं हसत वळवला. "ही पांढरी रेघ म्हणजे हाड, काका. वरचा काळा पट्टा म्हणजे कूर्चा, हाडावरची गुळगुळीत गादी. गाऊटचे स्फटिक या पट्ट्याच्या वरच्या कडेवर बसतात. तिथं दुसरी रेघ उमटते."

"वर तर काही नाही. मधे चमकतंय ते काय?"

"तेच बघतेय. हे स्फटिक कूर्चेच्या पोटात आहेत. कॅल्शियमचे दिसतात."

सुईनं गुडघ्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा खात्री झाली. गाऊट नव्हताच.

"म्हणजे मी याला उगाच उपाशी मारलं?" देर्ना पुटपुटली.

ओत्तोरीनोचं तिकडे लक्षच नव्हतं. "आता डावा बघा."

"तोही दुखतो?"

"छे. म्हणून तर बघायचाय."

डाव्यातही तेच चमचमते ठिपके. त्यानं डाव्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. "आणि हा गप्प का?"

"ते आम्हालाही नीट माहीत नाही," फाब्रित्सिया म्हणाली. "हे स्फटिक विरघळवणारं औषध अजून निघालेलं नाही. सूज मात्र आवरता येईल."

नव्या गोळ्यांनी सूज आवरली. वसंतात दोघं पुन्हा तपासणीला गेली, तर ठिपके होते तिथंच होते. ओत्तोरीनो बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. त्याला वाईट वाटल्याचं काही दिसलं नाही.

तो उठला, तशी देर्ना गुडघ्यावरचा मोजा खाली करून तपासणीच्या पलंगावर बसली.

"तुमचंही दुखतं का, काकू?"

"दुखत नाही गं. पण आतून कसा दिसतो, ते कळू दे एकदा."