घाईची तबकडी

जुन्या ध्वनिफिती साफ करणारी बाई कंपनीत एकच होती आणि तिला सगळे कानसेन म्हणत. तानसेन व्हायला गळा लागतो, कानसेन व्हायला धीर लागतो, असं ती स्वतःच सांगायची. तो आपल्याकडे पोत्याने आहे, हेही सांगायला विसरायची नाही. ज्याला काम येतं त्याने लाजायचं कशाला?

तळघरातल्या कपाटात तिला एक चपटा डबा सापडला. आत एक ध्वनिफीत होती आणि तिच्यावर चौघांचा जॅझ : सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम. वीस-वीस वर्षं हॉटेलांत लोक जेवत असताना वाजवून मुरलेली माणसं, पण नाव विचाराल तर कुणाला ठाऊक नाही. सदतीस वर्षांपूर्वी याच फितीवरून त्यांची एकुलती एक तबकडी निघाली. ड्रमवाल्याला बहुतेक शेवटची बस पकडायची असावी, असं एका समीक्षकाने लिहिलं. लोक हसले आणि तबकडी बुडाली. वाजवणं पळतंय हे कानसेनलाही ऐकू आलं, पण त्या पळापळीतही सॅक्सोफोनमध्ये असं काही होतं की हातातला चहा पार निवला. ही तबकडी पुन्हा काढायचीच, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

त्यासाठी हयात वादकांच्या सह्या हव्या होत्या. हयात दोघेच, आणि ते सख्खे भाऊ. धाकटा ड्रमवाला, थोरला सॅक्सोफोनवाला; थोरल्याला सगळे दादा म्हणत. दादा आता फुंकवाद्यं दुरुस्त करायचा. कानसेन त्याच्या दुकानात गेली, तर त्याने कागद न वाचताच परत केला.

"धाकट्याने त्या दिवशी सगळं पळवलं," तो म्हणाला. "वाट लावली आमची. ती तबकडी पुरलेलीच बरी."

तबकडी त्याने एकदाच ऐकली होती आणि तेव्हापासून धाकट्याशी बोलणं टाकलं होतं. ड्रमवाल्याला नंतर कुणी कामही दिलं नाही. आता तो लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. ज्याच्यावर घाईचा शिक्का बसला, तो उभा जन्म शेजारी बसून "हळू, हळू" म्हणत होता. नशिबालाही कधीकधी वाह्यात थट्टा सुचते.

कानसेन तळघरात परतली आणि फीत पुन्हा लावली. इतर लोक साफसफाईला बसले की आधी मागची घरघर पुसून टाकतात. विजेच्या तारांची ती घरघर, प्रत्येक जुन्या ध्वनिमुद्रणात बारीक बसलेली असते. कानसेन मात्र आधी घरघरच ऐकायची, गाणं नंतर. तिच्या गुरूने लावलेली सवय होती ती. वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, म्हणून त्या घरघरीचा सूर ठरलेला. सासूचा खोकला ओळखावा तसा तो तिला ओळखू यायचा. इथे तो चढलेला होता. तिने मोजला, तर पन्नासाऐवजी त्रेपन्न भरला.

आता, वाजवणारा घाई करेल, पण वीज कशाला घाई करेल? चुकलं होतं ते ध्वनिमुद्रणाचं यंत्र. त्या दिवशी त्याची मोटर थकून हळू फिरत होती, म्हणून पुढे धडधाकट यंत्रावर तीच फीत जोरात पळाली. घरोघरची तबकडी वाजवायची यंत्रं तेव्हा जरा कमीजास्त वेगाने फिरायचीच. त्यामुळे चढलेल्या सुराचं खापर घरच्या यंत्रावर फुटलं आणि वेगाचं ड्रमवाल्याच्या डोक्यावर.

तिने घरघर पन्नासावर आणली. तिच्याबरोबर चौघेही आपापल्या चालीवर आले. सॅक्सोफोन सूर लावण्याआधी श्वास घेत होता, तो श्वास आता ऐकू येत होता. ड्रमवाला तर ड्रमवर नुसता तारांचा ब्रश फिरवून थांबत होता, भावाला बोलून संपवू देत होता आणि मगच पुढचा ठोका टाकत होता. इतक्या सबुरीने वाजवणारा माणूस तिने आजवर ऐकला नव्हता. ती चक्क रडली आणि त्याची तिला मुळीच लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुधारलेली फीत आणि स्पीकर घेऊन दुकानात हजर झाली. दादा नको म्हणाला.

"पाच मिनिटं ऐका," ती म्हणाली. "मी चुकले असेन तर पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नाही."

दादाने ऐकलं. मग दुरुस्तीला आलेला एक सॅक्सोफोन खुंटीवरून काढला, फीत पुन्हा लावायला सांगितली आणि पहिला सूर फितीच्या जोडीने फुंकला. दोन्ही सूर तंतोतंत मिळाले; पळत्या तबकडीशी ते मिळाले नसते. कानसेनने मग यंत्राची सगळी हकीकत सांगितली. दादाने सॅक्सोफोन खुंटीला परत लावला. मग त्याने भर सकाळी दुकानाला कुलूप लावलं आणि धाकट्याचा पत्ता कानसेनकडे मागितला, कारण त्याच्याकडे तो नव्हता.

दोघं पोचली तेव्हा धाकटा मोटार शिकवायच्या शाळेच्या आवारात गाडीची काच पुसत होता. थोरल्याला पाहून त्याचं फडकं थांबलं.

"तू घाई केली नव्हतीस," दादा म्हणाला. "यंत्र चुकलं होतं."

"माहीत आहे. हात माझे होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, दादा. तुझ्या दारात उभा राहून सांगितलं. तू आतून रेडिओ मोठा केलास."

दादाला ते आठवलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. माझं चुकलं, असं तो पुटपुटला. मग ते पुरेसं नाही असं वाटून त्याने पुन्हा, आवारातल्या शिकाऊ मंडळींनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. धाकट्याने फडकं खांद्यावर टाकलं आणि गाडीचं दार उघडून दिलं.

"बस. बाई, तुम्ही मागे बसा आणि लावा ते."

दोघे भाऊ पुढे बसले. गाडी जागची हलली नाही. वाजवणं सुरू झालं तशी धाकट्याची बोटं स्टिअरिंगवर आपोआप चालू लागली, थांबू लागली, वाट पाहू लागली. तबकडीच्या दोन्ही बाजू संपेपर्यंत दादा त्या हातांकडे बघत राहिला.