कांद्यांच्या आधी माझ्यात काय बसणार होतं

"लायटा लावून लावून रिकामा डबा देला वं कमलाबाई! अन् मी साऱ्या हुडकोले सांगून बसली, सुनेसंगं कम्प्युटर आला म्हून."

सासूबाईंचं हे वाक्य माझ्याबद्दल होतं, पण माझ्यासाठी नव्हतं. गीतांजलीसाठी तर मुळीच नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या पडद्यामागे चहाचा ट्रे घेऊन उभी होती. हातावरची मेंदी अजून काळपट-लाल. तिने चहा थंड होऊ दिला नाही. जराशी खाकरली, बैठकीत गेली, आणि शेजारच्या कमलाबाईंना विचारलं, "काकू, साखर कमी तं नाही झाली ना?"

मी तोच डबा बोलतोय. दुकानात मला कॅबिनेट म्हणतात. कम्प्युटरचे सगळे भाग ज्याच्या पोटात बसतात, ते लोखंडी खोकं. पुढे जाळी, एका बाजूला काच, आणि रंगीत दिव्यांचा एक पंखा. सासूबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. मी रिकामाच आलो होतो. कसा, ते मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. पत्र्याला बालपण नसतं. माझी आठवण सुरू होते ती भिलाईतल्या सुपेला बाजारातल्या एका दुकानात. दयाराम नावाच्या माणसाने माझ्या तोंडापुढे तळहात धरला आणि दुकानदाराला म्हटलं, "पंखा चालू करा. हवा कितीक खेचते ते पाहू द्या."

दयाराम म्हणजे गीतांजलीचे वडील. भिलाईच्या पोलाद प्लांटमधून रिटायर झालेले इलेक्ट्रिशियन. त्यांची सारी नोकरी क्रेन दुरुस्त करण्यात गेली. शेडच्या छपराखाली क्रेन अडली की हे शिडीने वर चढायचे, बिघाड काढायचे आणि खाली यायचे. चालवणारा वेगळा. "चालू झाली का आपलं काम खतम," असं ते एकदा चहा पिताना हसत म्हणाले होते. "चालू क्रेन मी कधी वरून पाहिलीच नाही बेटा. खालूनच पाहिली."

बाकी सगळे त्या बोलण्यावर हसले. गीतांजली हसली नाही. ती मुळातच कमी बोलणारी. अशांच्या कानात गोष्टी राहून जातात. काही दिवसांनी तिने मोबाइलवर त्यांना एका खेळाचा व्हिडिओ दाखवला. त्यात माणूस क्रेनच्या केबिनमध्ये बसतो, दांडे ओढतो आणि माल उचलून जहाजावर ठेवतो.

दयाराम चष्मा पुसून पाहू लागले. मग एकदम चिडले. "अरे, लोड झुलून राहिला ना! ह्याले कोणं बसवलं केबिनमंधी?"

"खेळ आहे बाबा."

"खेळात का माल पाडाचा असते? दे, मी करून दाखवतो."

पण तो खेळ मोबाइलवर चालत नव्हता, आणि तिच्या कॉलेजच्या लॅपटॉपवर सुरू होण्याआधीच विझत होता. त्यासाठी खेळाचा कम्प्युटर लागणार होता. तयार आणण्याइतकी ऐपत नव्हती, म्हणून एकेक भाग निवडून जुळवायचं ठरलं. बापलेकीने असं काही पहिल्यांदाच एकत्र करायला घेतलं होतं. भिलाई-३ मधल्या त्यांच्या घरात रोज संध्याकाळी दोन खुर्च्या जवळ सरकायच्या.

दयारामांना कम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण प्रत्येक भाग त्यांना प्लांटमध्ये कुठेतरी भेटलेला होता. प्रोसेसर म्हणजे फोरमन. रॅम म्हणजे काम मांडायचं टेबल; "एका मोठ्यापरीस दोन मांडू, दोघं हात चालवतीन." पॉवर सप्लायवर मात्र ते अडून बसले. सगळ्यात आधी तो, आणि चांगला. "लाइन कमजोर असली तं मोटर कितीबी भारी आणा."

माझ्या वेळी दुकानदाराने पुढून काचेची, झगमगती कॅबिनेटं दाखवली होती. दयारामांनी जाळीवर बोट ठेवलं. भिलाईची धूळ त्यांनी आयुष्यभर खाल्लेली. हवा कुठून येणार, हा त्यांचा पहिला प्रश्न. माझ्या पंख्याचे रंग मात्र त्यांना समजेनात.

"हे लाल-हिरवं कायचं इंडिकेशन हाय? लाल झालं का फॉल्ट?"

"नहीं अंकल, वो तो डिज़ाइन है."

"म्हंजे काईच नाही?"

"सुंदर दिखता है, अंकल."

दयारामांनी फिरणारे रंग पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाले, "बरं, असू दे. पोरीचा हाय."

ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न राहिला. चित्र काढणारा हा भाग, आणि सगळ्यात भारी. एका दुकानात जुनं कार्ड स्वस्तात मिळत होतं. दयारामांनी ते हातात घेतलं, उलटं केलं आणि नाकाला लावलं. जुनी मोटर घेताना असाच वास घ्यायचा. आत जळली असेल तर कळतं. दुकानातले सगळे बघत राहिले. बाहेर आल्यावर गीतांजलीने विचारलं, "काय वास आला बाबा?"

"काईच नाही आला. मले तं सर्दी झाली हाय."

ती रस्त्यात उभी राहून हसली. मी तिचं ते हसणं ऐकलं नाही. पण घरी आल्यावर तिने ते आईला सांगितलं आणि पुन्हा तसंच हसली, ते ऐकलं. इतक्या मोठ्याने ती हसते हे इथे, सासरच्या हुडको वसाहतीत, अजून कोणाला माहीत नाही.

कार्ड नंतर घ्यायचं ठरलं. थोडंफार चित्र काढू शकेल असाच प्रोसेसर आधी आणायचा. तोवर सप्लाय माझ्या पोटात बसला होता. दयारामांना धीर नव्हता. बाकीचे भाग यायच्या आधीच त्यांनी सप्लायच्या तारा मेणाच्या दोऱ्याने बांधायला घेतल्या, जशा जुन्या पॅनलमध्ये बांधतात. प्लास्टिकचे पट्टे त्यांना चालत नसत. वरच्या गाठी त्यांनी मारल्या, खालच्या तिला शिकवून तिच्याकडून मारून घेतल्या.

"हे पाय, सोडाची असली तं हे टोक ओढाचं. कापाची नाही. कापली तं मंग दुसऱ्यांदा बांधाले दोरा पुरत नाही."

प्रोसेसरची तार वर, डिस्कची खाली, उद्याच्या कार्डाची मधे. पानं मांडून पंगतीची वाट पाहावी, तसा मी वाट पाहत होतो.

मग एका सकाळी दयाराम दूध आणायला गेले, चौकातल्या बाकावर जरा टेकले आणि तिथून उठले नाहीत. दुधाची पिशवी कोणीतरी घरी आणून दिली. ती तशीच, न फुटलेली.

गीतांजलीचं साक्षगंध आधीच झालं होतं. वडीलमाणसांनी ठरवलं, लग्न वर्षाच्या आत तरी करा, नाहीतर मग तीन वर्षं थांबा. ज्या घरात रडणं थांबलं नव्हतं, त्या घरात पापड लाटले जाऊ लागले. पुढचे भाग निवडायला कोणी खुर्ची सरकवली नाही.

रुखवत मांडताना तिच्या आईने मला पुसून आणलं. "बाबाच्या हातची वस्तू हाय, घेऊन जाय." मोत्यांची तोरणं, शेवयांनी रचलेलं जानवसघर आणि विणलेले रुमाल यांच्या शेवटी मी. नुसता ठेवला तर काळा ठोकळा दिसेन, म्हणून तिच्या मामेभावाने सप्लायची एक हिरवी तार काळ्या तारेला जोडून माझा पंखा सुरू करून दिला. रंग फिरू लागले. वरपक्षाचे लोक रुखवत पाहायला आले आणि माझ्यापुढे थांबले.

"वा! जावयाले कम्प्युटर!"

कोणी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायचं तर मधलं सगळं सांगावं लागलं असतं, आणि तेव्हा मांडवात अक्षता वाटणं सुरू झालं होतं. गीतांजलीच्या कपाळावर मुंडावळ्या होत्या. तिने मान किंचित वळवून माझे दिवे पाहिले. लाल, मग हिरवा, मग निळा. फॉल्ट कुठला, ते त्यातून कळत नव्हतं.

हुडकोत आल्यावर दुसऱ्याच दिवशी केदार, म्हणजे तिचा नवरा, चुलतभावांना घेऊन मला टीव्हीला जोडायला बसला. माझ्या पाठीत टीव्हीची तार खुपसायला जागाच नव्हती. नुसतं एक चौकोनी भोक. भाऊ हसले, मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तार गुंडाळू लागले. त्याच संध्याकाळी ते पडद्यामागून ऐकलेलं वाक्य.

सिंधुताई, तिच्या सासूबाई, वाईट नाहीत. आधी सगळीकडे सांगून मोकळं झालेल्या माणसाला नंतर घराबाहेर निघणं किती अवघड होतं, ते मी त्यांच्या फाटकावर थबकणाऱ्या पावलांत ऐकलं आहे. पण घरात उगाच काही ठेवायचा त्यांचा स्वभाव नाही. त्यांनी माझी काच उघडून पाहिली, जाळीवर हात फिरवला आणि त्यांचं तोंड पहिल्यांदा खुललं.

"हवा चांगली लागते ह्यात. कांदे सडाचे नाहीत."

दयारामांनी पाहिलेली हवा. निवड अगदी बरोबर ठरली.

तेव्हापासून मी कांदे सांभाळतो. आठवड्याला टरफलं झाडली जातात. गीतांजली रोज भाजीसाठी कांदे काढायला येते. काच उघडते, दोन कांदे घेते, आणि मग तिचा हात वर सरकतो. दोऱ्याच्या गाठींवरून बोट फिरतं. वरच्या गाठी, मग खालच्या. एवढंच. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आलं तर कोणी काही विचारत नाही. ही सोय या घरात फार उपयोगी पडते.

केदारला आईचे टोमणे ऐकू येत नव्हते असं नाही. तो जामुलच्या सिमेंट कारखान्यात क्लार्क आहे. घरी येतो तेव्हा भुवयांवरही राखाडी धूळ असते. एका रविवारी तो मोठी पिशवी घेऊन आला. सोबत चंपत नावाचा कम्प्युटर जुळवणारा.

"घे. आता कोणी काही म्हणणार नाही," केदार बायकोला म्हणाला.

मनात त्याने चांगलंच आणलं होतं. फक्त तिला विचारलं नव्हतं. पिशवीत प्रोसेसर, बोर्ड, एकच रॅम, कोणाचं तरी वापरलेलं ग्राफिक्स कार्ड आणि एक हलका नवा सप्लाय. कृष्णराव, तिचे सासरे, पेपर ठेवून खुर्ची ओढून बसले. कमलाबाईही आल्या, भिंतीपलीकडून त्यांना सगळं आधीच कळतं. माझे कांदे परातीत ओतले गेले.

गीतांजलीने सगळ्या वस्तू एकेक करून पाहिल्या. मग तिने ते जुनं कार्ड उचललं, उलटं केलं आणि नाकाला लावलं.

"अगं बाई," कमलाबाई म्हणाल्या, "भाजी हाय का ते?"

सगळे हसले. केदारही. तिला काय वास आला ते तिने सांगितलं नाही. मला वाटतं तिलाही काही आला नसावा. नाक लाल झालं होतं.

चंपतने माझ्या पोटात डोकं घातलं. "भैया, ये पुराना सप्लाय निकाल देता हूँ. अरे बाप रे, ये किसने बाँधा है? साडी का फॉल है क्या? काटना पडेगा."

"काप ना मंग," सिंधुताई म्हणाल्या. "दोराच तं हाय. थांब, कैची देते."

वाचणाऱ्यांनो, वस्तूंना तोंड नसतं, म्हणून आम्ही आमचं म्हणणं असं कुणाच्या तरी कानात सांगत बसतो. मला त्या क्षणी एकच म्हणायचं होतं. नवं काहीही बसवा, स्वस्त बसवा, काहीच न बसवता पुन्हा कांदे भरा. तेवढा दोरा कापू नका. ज्याने तो बांधला, त्याची क्रेन चालवायची राहिली. आता कितीही भारी भाग आणले तरी त्या खुर्चीवर तो बसायचा नाही, हे मला कळतं. पण त्याच्या हाताचा पीळ अजून त्या गाठींत आहे, आणि तो फक्त माझ्याकडे आहे.

कैचीची पाती उघडली. गार लोखंड माझ्या तारांना लागलं.

"थांबा," गीतांजली म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. तरी चंपतचा हात थांबला. कृष्णरावांनी चष्मा वर केला. लग्नाला इतके महिने झाले, पण या घरात तिचा एवढा सरळ शब्द कोणी ऐकलेला नव्हता.

ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. आधी केदारकडे पाहिलं, मग सासूकडे.

"डबा रिकामाच देला, आई. तुमचं खरं हाय, मी ऐकलं होतं त्या दिवशी. एकेक पार्ट आमी दोघं निवडून राहिलो होतो, मी अन् बाबा. भरणारा माणूस मधातच गेला. आता काय बसवाचं ते मी निवडीन, अन् मीच बसवीन. कैची ठेवा जी. ही गाठ मले सोडता येते."