चोरचोळी

"तोंड गोड करा, डाक्टरीनबाई," म्हणत गोदाबाईंनी पेढा थेट वच्छलाबाईंच्या हातावर ठेवला. "तीन महिने झाले, आमची सून बाहेर बसली नाई."

डॉ. वच्छला गावंडे यांनी गोदाबाईंच्या मागे उभ्या असलेल्या चतुराकडे पाहिलं. तिच्या अंगावर नवी हिरवी चोळी होती. सुनेला दिवस गेले की तिसऱ्या महिन्यात सासू गाजावाजा न करता देते, ती चोरचोळी. वच्छलाबाईंनी पेढा टेबलावर ठेवून दिला. चतुराला दिवस गेलेलेच नव्हते. तिची पाळी त्यांनीच गोळ्या देऊन थांबवली होती.

चतुराचं सासर भातकुली गावचं. लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नाही. दर महिन्याला बाहेर बसायची तेव्हा गोठ्यालगतच्या खोलीत पाय पोटाशी घेऊन कण्हत पडायची आणि घरचे म्हणायचे, नखरे. गेल्या वर्षी, म्हणजे त्रेसष्ट साली, अपेंडिक्स समजून वच्छलाबाईंनी तिचं पोट उघडलं, तर आत जागोजाग काळपट डाग. गर्भाशयाच्या आतलं अस्तर भलतीकडेच रुजलं होतं आणि दर महिन्याला तिथेही रक्त साकळत होतं. असे डाग त्यांनी आणखीही बायकांच्या पोटात पाहिले होते. अकोल्याला डॉक्टरांच्या सभेत त्यांनी ते मांडलं, तेव्हा एक बुजुर्ग हसून म्हणाले, "मूल होऊ द्या, आपोआप बरं होतं." मूल होत नाही ते या दुखण्यामुळेच, हे सांगायला बाई उठल्या, तोवर चहा आला होता. झालं, बाई इरेला पेटल्या. काही महिने पाळी बंद ठेवली तर हे डाग सुकतात, असं त्यांनी परदेशी मासिकात वाचलं होतं. मुंबईहून खटपट करून त्या गोळ्या मिळवल्या आणि पाच बायकांना सुरू केल्या. चौघींनी मळमळ होते म्हणून सोडून दिल्या. टिकली ती एकटी चतुरा. घरी मात्र 'ताकदीच्या गोळ्या' असं सांगायचं ठरलं होतं. खरं सांगितलं असतं तर गोदाबाईंनी त्या उकिरड्यावर फेकल्या असत्या.

तपासायचं निमित्त करून वच्छलाबाईंनी गोदाबाईंना बाहेर बसवलं आणि दार लोटलं.

"तू सांगतलं त्यायले?"

"मी काई नाई सांगतलं. बाहेर बसली नाई, सकाळी उलट्या होत, त्यायनंच धरून घेतलं."

"मंग तू काहून गप रायली?"

चतुरा खाली बघत म्हणाली, "सासूबाई आता मले जेवली का म्हणून इचारतेत. पोळीवर तूप वाढतेत. मले वाटलं, एक महिना राहू द्या असंच. मंग वाटलं, अजून एक."

"दुखते का आता?"

"नाई. बिलकुल नाई."

"मंग गोळ्या सोडू नको. मी सांगतो त्यायले खरं."

"खरं सांगसान तर दुसरी करतीन."

"कायदा झाला हाये, चतुरा. दुसरी करता येत नाई."

"कायदा भातकुलीत नाई राहात, बाई." मग ती जवळ सरकली. "गोळ्या बंद करा. बंद केल्या का रक्त येईन ना? मंग सांगा, पडलं म्हणून."

"अवं, दुखनं वापस येईन!"

"येऊ द्या. जिचं पडते तिले लोक म्हणतेत, पुढच्या खेपेले होईन. दोन वर्षं तरी कोनी काई बोलनार नाई मले."

वच्छलाबाई दुसरी वाट शोधत खुर्चीत बसून राहिल्या. वाट नव्हती. बरी होत आलेली त्यांची एकुलती एक रोगी स्वतःच्या तोंडाने दुखणं परत मागत होती, आणि तिचं चुकतंय असं काही केल्या म्हणता येत नव्हतं. त्यांना भयंकर राग आला. कोणावर काढावा तेही कळेना.

लक्षण ठीक नाही असं सांगून त्यांनी चतुराला दवाखान्यात ठेवून घेतलं. गोळ्या थांबवल्या. थोड्याच दिवसांत रक्त सुरू झालं आणि सोबत कळाही. ओठ दाताखाली धरून चतुराने त्या सोसल्या. संध्याकाळी गोदाबाई आल्या, तेव्हा वच्छलाबाईंनी पडल्याचं सांगितलं. गोदाबाई खाटेजवळ खाली बसल्या.

मग त्यांनी विचारलं, "काय होतं, बाई? पोरगा का पोरगी?"

या प्रश्नाची तयारी वच्छलाबाईंनी केली नव्हती. पोरगी म्हटलं तर म्हातारीच्या मनाला कमी लागेल, असं त्यांना वाटलं.

"पोरगी," त्या म्हणाल्या.

"पोरगी बी चालली असती मले," गोदाबाई म्हणाल्या. "दोन्ही नावं काढून ठेवली होती मी."

खाटेवर चतुराने तोंडावर पदर घेतला. दिवसभर हूं की चूं न केलेली ती बाई हमसून हमसून रडायला लागली. गोदाबाई उठून तिच्या पायथ्याशी बसल्या आणि तिचे पाय दाबू लागल्या. पोरीचं नाव काय काढलं होतं, हा प्रश्न वच्छलाबाईंच्या अगदी ओठांवर आला होता. त्यांनी विचारलं नाही.