तत्रैव हद्दपार

संशोधनपत्रिका आता वेबसाइटवर जाणार होती, आणि तळटिपांचं काय करायचं यासाठी समिती नेमली होती. अध्यक्ष अर्थातच सर. त्यांना समित्यांचा भारी सोस. सात बैठका झाल्या, चहाचे पेले रिते झाले आणि एकदाचा नियम निघाला: टिपेवर बोट ठेवलं की पूर्ण संदर्भ तिथल्या तिथे उघडला पाहिजे. ‘तत्रैव’ म्हणजे ‘आधार वरच्याच टिपेतला’. पण मोबाइलवर वाचणारा वर जाऊन शोधतोय कशाला? तेव्हा तत्रैव हद्दपार. सर स्वतःवरच इतके खूश झाले की नमुना म्हणून त्यांनी आपलाच गाजलेला लेख पुढे केला. पुढच्या आठवड्यात जीवनगौरवाची निवड समिती तोच वाचणार होती. लिंक हाती येताच, स्वतः उघडण्याआधीच, त्यांनी ती झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवली.

मग उघडली आणि ते एकेका टिपेवर बोट ठेवत गेले. टिपा एकावन्न. कागदावर तिसऱ्या टिपेत एका अप्रकाशित प्रबंधाचा उल्लेख होता, पुढे नुसतं तत्रैव, तत्रैव. आता एकाच बाईचं नाव सत्तेचाळीस वेळा वर येत होतं. नाव त्यांच्या बायकोचं होतं, पण माहेरचं. म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“अगं, हे पूर्वीसारखं कर,” ते वेबसाइटवालीला म्हणाले.

“नियम तुमचाच आहे, सर. बदलायचा तर बैठक बोलवावी लागेल.”

बैठक म्हणजे बोभाटा. त्यापेक्षा बायकोनंच नाव काढा म्हणून लिहून दिलं तर? प्रबंध छापायचा राहिला तेव्हाही ती चकार शब्द बोलली नव्हती.

घरी ती जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून तोच लेख वाचत होती. टिपेवर बोट ठेवायची, नाव वाचायची, पुढे जायची. लग्नानंतर हे नाव तिनं कुठे छापलेलं पाहिलंच नव्हतं. सरांना वाईट वाटलं, नाही असं नाही; पण जीवनगौरव एकदाच मिळतो.

“नावाची फार गर्दी झालीय गं,” ते घसा खाकरत म्हणाले. “वाचणाऱ्याला त्रास होतो. पुन्हा तत्रैव करू या का? तू फक्त दोन ओळी लिहून दे.”

“देते की,” ती मान वर न करता म्हणाली. “माझं नाव एकदाच घाला, मथळ्याच्या खाली. आणि त्याखाली, तुमचं नाव आहे तिथे, तत्रैव लिहा.”

मग तिनं विसाव्या टिपेवर बोट ठेवलं.