ताईला किल्ला दाखवताना

नदीकाठच्या जुन्या किल्ल्याची डागडुजी संपली, तो लोकांसाठी उघडला आणि ताईने हट्टच धरला, "मला किल्ला बघायचाय." तिची नजर जवळजवळ गेली होती, उजेड-अंधार तेवढा कळायचा. न्यायचं कुणी, तर धाकट्या भावाने. तो शिंपी. तोंडात टाचण्या धरून धरून त्याची बोलायची सवयच मोडली होती. ताईचं उलटं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने जन्मभर बोलूनच पगार घेतला होता.

दरवाज्यातून आत शिरताच ती म्हणाली, "सांग, काय दिसतंय?"

"भिंत."

"आणि?"

"आणखी भिंत."

"अरे, तार करतोयस का? शब्दाला पैसे नाही पडत!"

तो ओशाळला. मग त्याने तिचा हात भिंतीवर ठेवला. "हा जुना दगड, खरबरीत. आता इकडे आण. हा नवा बसवलाय. ठिगळ नाही लावलं ताई, रफू केलाय. लांबून कळतसुद्धा नाही."

"आता कसं!"

बुरुजाचा जिना गोल आणि अरुंद होता. अर्ध्यावर वरून माणसं उतरायला लागली. कुणाचा तरी धक्का लागला, ताईचा पाय सटकला आणि ती भिंतीला चिकटून उभी राहिली.

"नको रे. परत जाऊ."

ज्याचा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता, तो भाऊ ओरडला, "मागे व्हा! माझी बहीण वर येतेय!" माणसं मुकाट्याने मागे सरली. तो तिच्या पाठीशी उभा राहिला. "पडलीस तर माझ्यावर पडशील. मी काही बारीक नाही."

ताई हसली आणि तिने पाऊल उचललं.

वर वारा भणाणत होता. तिने न विचारताच तो बोलू लागला. "नदी मधे हिरवी आहे, काठाला मातकट. होडीवाला वल्ही सोडून खात बसलाय, होडी आपली आपण चाललीय. पलीकडे एक बाई चादरी वाळत घालतेय. अरे! एक उडाली. बाई धावतेय मागे."

"सापडली?"

"नाही... चिखलात गेली... थांब... सापडली!"

ताईने टाळी वाजवली.

खालून पहारेकऱ्याने किल्ला बंद करायची शिट्टी मारली. "निघायचं का?" भावाने विचारलं.

"तुझं सांगून झालं?"

"नाही."

"मग वाजवू दे त्याला."