मी, रत्नाबाईंची हिरवी जीप

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल जीप आहे. माझा रंग हिरवा आहे, पण डाव्या अंगाला तो करपून फुगलेला आहे. लोक विचारतात, "ताई, एवढी चांगली गाडी ठेवलीय, मग हा एक दरवाजा का नाही रंगवून घेत?" रत्नाबाई नुसत्या हसतात. तो दरवाजा रंगवायचा नाही, असे आम्ही दोघींनी ठरवले आहे. त्याचे कारण सांगायचे, तर माझी सगळीच गोष्ट सांगावी लागेल.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी एका सरकारी खात्यात रुजू झाले. साहेब लोकांना घेऊन धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतले पाट, बंधारे, तलाव मी पालथे घातले. उन्हाळ्यात माझे पत्रे इतके तापत, की ड्रायव्हर दरवाजाला हात लावताना रुमाल धरायचा. पण मी कधी कुणाला वाटेत सोडले नाही. "ही गाडी आहे ना, मग पोचू," असे साहेब म्हणत, तेव्हा माझे इंजिन जरा जास्तच ठणठणीत वाजायचे.

मग नव्या गाड्या आल्या. मला कार्यालयाच्या मागे एका निंबाखाली उभे केले आणि सहा वर्षे तिथेच विसरले. चाकांतली हवा गेली. आरशात गांधीलमाश्यांनी घर केले. मागच्या सीटवर एक शेळी रोज दुपारी येऊन बसायची. तिचा मला राग नव्हता, उलट सोबतच होती. पण मी गाडी आहे, हे सांगणारे कुणी उरले नव्हते, याचे वाईट वाटायचे.

लिलावाच्या दिवशी भंगारवाले आले आणि त्यांच्यात एक बाई आल्या. त्या रत्नाबाई. जळगावला मेहरूणमध्ये राहतात आणि शाळेत भूगोल शिकवतात. बरोबर त्यांचे यजमान योगराजभाऊ होते. त्यांचे ठिबकच्या नळ्यांचे दुकान आहे. रत्नाबाईंनी वाकून माझा खालचा सांगाडा पाहिला आणि म्हणाल्या, "हिची चेसी सरळ आहे. एवढी वर्षं मुलांना सातपुडा फळ्यावर काढून दाखवला. आता मला तो स्वतः बघायचाय."

मला दोरीने ओढत एरंडोलला अभिमन नानांच्या गॅरेजमध्ये नेले. नानांनी बॉनेट उघडले, इंजिनावर कान ठेवला आणि म्हणाले, "ताई, हाई गाडी मरेल नही, झोपेल शे."

मी मेलेली नाही, नुसती झोपले आहे, हे ऐकून मला काय वाटले असेल, याची कल्पना करा.

पुढचे चार महिने नानांनी मला जागे केले. ब्रेक नवे, स्प्रिंगचे पाटे नवे, खोल नक्षीचे जाड टायर. पुढे लोखंडी बंपर आणि त्यावर विंच, म्हणजे तारेचा दोर गुंडाळणारे यंत्र. चाक रुतले, की तो दोर झाडाला किंवा खडकाला बांधायचा आणि मी स्वतःच स्वतःला ओढून बाहेर काढायचे. मागे सुताराकडून सागवानी खण करून घेतले. एकात शेगडी आणि भांडी, दुसऱ्यात पाने-पकडी, पंक्चरचे सामान आणि हवा भरायचा पंप. फावडे, आग विझवायचे नळकांडे आणि प्रथमोपचाराची पेटी हाताशी येईल अशी लावली. योगराजभाऊंनी आपली कला दाखवली. मागच्या सीटखाली दीडशे लिटरची पाण्याची टाकी, तिला बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि वीस हात लांब नळी. पंप टाकी भरायचाही आणि रिकामीही करायचा.

पहिल्याच सहलीत मात्र माझी फजिती झाली. पद्मालयाच्या बाजूच्या माळावर निघालो होतो. हौसेने तंबू, गाद्या, गॅसची टाकी, तांदळाची गोणी, सगळे टपावर चढवले होते. एका तिरक्या चढावर माझी उजवी चाके जमिनीवरून उचलली गेली. मी थरथरत तशीच उभी राहिले आणि हळूच पुन्हा खाली बसले. त्या दिवशी कुणी पुढे गेले नाही. परत एरंडोलला आलो, तेव्हा नाना ओरडले, "जड सामान खाले ठेवा, हलकं वर! पोट भरेल मानूस डोकावर हंडा लिसन नाचस का?"

तेव्हापासून टपावर फक्त तंबू आणि सतरंजी असते.

दुसरी गोष्ट आम्ही शिंदखेड्याकडे शिकलो. फोनमधल्या नकाशात रस्ता दिसत होता, म्हणून योगराजभाऊ बिनधास्त जात राहिले. रस्ता अरुंद झाला, मग पायवाट झाली, आणि शेवटी आम्ही कपाशीच्या कडेला एका म्हाताऱ्या शेतकऱ्यासमोर उभे राहिलो. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, हाऊ रस्ता मना वावरमा येस नि आठेच सरस."

रस्ता त्यांच्या वावरातच संपत होता, आणि मागे वळायला जागा नव्हती. मला अर्धा कोस उलटे चालत यावे लागले.

रत्नाबाईंनी त्या दिवसापासून मोठ्या कागदावर स्वतःचे नकाशे काढायला घेतले. फोन बघायचाच, पण त्या भागातल्या माणसालाही विचारायचे. जिथे पाणी मिळेल तिथे निळा ठिपका. जिथे गाडी वळवता येईल तिथे हिरवी खूण. पुढची वाट बंद निघाली तर बाहेर पडायची दुसरी वाट पेन्सिलीने. मुक्कामाआधी जमिनीच्या मालकाची परवानगी, जंगल असेल तर वनखात्याची. आणि पोचल्यावर आधी पायी फिरून सगळे ठिपके खरे आहेत का, हे तपासायचे. योगराजभाऊ चहा मागत बसायचे आणि बाई हातात कागद घेऊन माळ तुडवत असायच्या. अशा कितीतरी वाटा मी चालले. उनपदेवकडच्या टेकड्या, साक्रीकडचा माळ, लळिंगच्या मागचे नाले. सगळीकडून धड परत आले.

आता त्या करपलेल्या दरवाजाकडे येते.

फेब्रुवारी संपत आला होता. चोपड्यावरून आम्ही अनेर धरणाच्या वरच्या अंगाला गेलो. तिथे टेकडीच्या पायथ्याशी पंधरा-वीस घरांची एक वस्ती आहे. चिंधाभाऊ नावाच्या शेतकऱ्याने आपल्या मोकळ्या वावरात तंबू ठोकायची परवानगी दिली होती. त्यांची आई भिकुबाई, वय सत्तरीच्या पुढे. आल्या-आल्या त्यांनी आम्हाला ताक दिले, आणि माझ्या बॉनेटलाही हात लावून पाहिला.

आमच्याबरोबर धुळ्याचे दीपकभाऊ होते, योगराजभाऊंचे मित्र. त्यांची गाडी नवी कोरी, पांढरीशुभ्र, आत टीव्हीसारखा मोठा पडदा. माझी टाकी पाहून ते हसले. "वहिनी, सहलीला निघालात की टँकर घेऊन?" रत्नाबाई हसल्या आणि सामान उतरवू लागल्या. मी मात्र मनातून थोडी दुखावले.

सकाळी बाई नेहमीप्रमाणे ठिपके तपासून आल्या. धरणाचे मागचे पाणी वस्तीपासून जवळच होते आणि तिथवर उतरणारी एक गाडीवाटही निघाली. दुपारी जेवणे झाली. तो आठवडी बाजाराचा दिवस होता, वस्तीतली बरीच माणसे गावाला गेली होती. एवढ्यात टेकडीच्या उतारावर धूर दिसला. आग कशाने लागली, ते शेवटपर्यंत कळले नाही. गवत वाळून कडकडीत झालेले, आणि वारा थेट वस्तीकडे. उतार आणि पहिले घर यांच्या मध्ये होत्या चाऱ्याच्या गंजी. पावसाळ्यापर्यंत गुरांना तेवढाच आधार.

चिंधाभाऊ विहिरीकडे धावले आणि तसेच परत आले. "लाईट नही, मोटर बंद शे!"

भिकुबाई गोठ्याकडे पळत सुटल्या. "मनी गाय बांधेल शे!" चिंधाभाऊंनी त्यांना अडवले आणि स्वतः जाऊन दावी कापली.

रत्नाबाई माझ्या सीटवर बसल्या. इंजिन चालू करत त्या म्हणाल्या, "दीपकभाऊ, तुमच्या गाडीत म्हाताऱ्यांना आणि लेकरांना बसवा आणि डांबरी रस्त्यावर नेऊन सोडा. वनखात्याला फोन करा. योगराज, तू नळी धर."

दीपकभाऊ लगेच गाडीकडे धावले. त्यांची ती चकचकीत गाडी त्या दिवशी तीन फेऱ्या करून आली.

मी गंजींच्या आणि आगीच्या मधल्या पट्ट्यात शिरले. मित्रांनो, दीडशे लिटर पाण्याने वणवा विझत नाही. बाईंना ते ठाऊक होते. त्यांनी आगीवर पाणी मारलेच नाही. त्यांनी गंजींच्या अलीकडचे गवत भिजवत नेले. चिंधाभाऊ आणि वस्तीत उरलेली सात-आठ माणसे, त्यात बायाच जास्त, भिजल्या पट्ट्यापुढचे गवत विळ्याने कापत आणि हिरव्या फांद्यांनी ठिणग्या झोडपत होती. टाकी संपली, की मी धरणाच्या पाण्याकडे उतरायची, पंप टाकी भरायचा, की पुन्हा वर. वाट दगडांची होती, पण सकाळी पायी पाहिलेली असल्याने बाई एकदाही चुकल्या नाहीत.

चौथ्या फेरीला वारा फिरला. ज्वाळा माझ्या डाव्या अंगाला येऊन भिडल्या. रंग फुगताना मला जाणवला. योगराजभाऊ ओरडले, "रत्ना, मागे घे!" बाईंनी मला मागे घेतले, दहा पावले, फक्त दहा. वाऱ्याचा झोत ओसरताच पुन्हा पुढे नेले. "एवढीच फट राहिलीय," त्या म्हणाल्या, "एवढी भिजली की झालं."

ती फट भिजली. आग तिथवर आली, ओल्या गवतावर फुरफुरली आणि बसली. नंतर वनखात्याची माणसे आली, त्यांनी उतारावरची उरलेली आग विझवली. एक गंज गेली. बाकी सगळ्या वाचल्या, घरे वाचली, आणि भिकुबाईंची गाय दुसऱ्याच्या हरभऱ्यात निवांत चरताना सापडली.

आग मी विझवली, असे मी कधीच म्हणणार नाही. ती माणसांनी विझवली. मी पाणी आणले. पण ते पाणी वेळेवर आणले, याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

संध्याकाळी दीपकभाऊंनी बादली आणली आणि माझी काजळी स्वतःच्या हाताने धुतली. धुता धुता म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी नकाशा काढायला बसाल, तेव्हा मला शेजारी बसवा."

निघताना रत्नाबाईंनी भिकुबाईंचा हात धरला. "आक्का, काही लागलं तर हक्कानं सांगा."

भिकुबाई जरा लाजून म्हणाल्या, "अनेरना पानीवर मना जलम गया, माय. पन ती जास कोठे, हाई मी कधी देखं नही."

त्यांना ती जागा दाखवायचे बाईंनी तिथेच ठरवले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड आखणी त्या सहलीची होती. म्हणाल, त्यात अवघड काय? नदी तर खाली तापीलाच मिळते. पण बाईंनी त्यासाठी तीन आठवडे कागद पसरून ठेवला. सत्तरी ओलांडलेल्या भिकुबाईंना धक्के बसू नयेत, म्हणून लांबची पण सपाट वाट निवडली. दर तासाला सावली कुठे आहे, ते विचारून ठेवले. बायकांना जायला स्वच्छ जागा कुठे मिळेल, तेही. अभिमन नानांनी माझ्या दाराखाली एक पायरी जोडून दिली आणि पुढच्या सीटवर मऊ गादी शिवून घेतली. चाकांतली हवासुद्धा थोडी कमी केली, मी हळुवार चालावे म्हणून.

भिकुबाई नवे लुगडे नेसून पुढे बसल्या. मागे चिंधाभाऊ. वाटेत नदी दिसली, की त्या काचेबाहेर हात काढून मला थांबायला सांगायच्या, जणू बैलगाडीच आहे. मी थांबायची. असे आम्ही नऊ वेळा थांबलो.

सकाळ सरत आली होती, तेव्हा आम्ही त्या काठावर पोचलो. समोर तापी पसरलेली, आणि उत्तरेकडून येऊन अनेर तिच्यात शिरत होती. चिंधाभाऊंनी आईला हात दिला. भिकुबाई पायरीवरून उतरल्या आणि पाण्यापर्यंत चालत गेल्या. ओंजळीत पाणी घेऊन त्या कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग मागे वळून आमच्याकडे पाहत म्हणाल्या,

"मनी अनेर इतली मोठी व्हई जास, हाई माले कोनी सांगंच नही."

रत्नाबाईंनी पदराने डोळे पुसले. योगराजभाऊ उगाचच माझ्या चाकाची हवा तपासू लागले.

मित्रांनो, तुमच्याही दारात किंवा एखाद्या झाडाखाली माझ्यासारखी कुणी उभी असेल. तिला भंगारात ढकलण्याआधी एकदा इंजिनाला कान लावून पाहा. तेल-पाणी बघा, ब्रेक बघा, जड सामान खाली ठेवा. जाल तिथल्या माणसांना विचारून जा, आणि निघताना तिथे कचरा टाकू नका. नव्या वाटा दाखवायला मी अजून तयार आहे, माझ्यासारख्या कितीतरी तयार आहेत. फक्त एक करा. निघताना पुढची सीट रिकामी ठेवू नका. दारापुढची नदी कुठे जाते, हे पाहायचे राहून गेलेले कुणीतरी तुमच्या शेजारीच राहत असेल.