म्हातारीचा नवा कार्ब्युरेटर

‘कुठल्याही गाडीला बसतो’ असं त्या कार्ब्युरेटरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं. ते छापणाऱ्या माणसाला एकदा माझ्या शेडमध्ये उभा करून त्याच्याच हातांनी तो बसवून घ्यायची माझी फार इच्छा आहे. कुठल्याही गाडीला बसतो म्हणजे कुठल्याच गाडीला धड बसत नाही, एवढं मला शाळेत न जाताही कळतं. म्हातारीच्या इंजिनावर आट्यांचे दोन खुंट, म्हणजे स्टड, याला भोकं चार, आणि त्यातलं एकही त्या स्टडांच्या वाटेला जाईल तर शपथ. पेट्रोलची नळी उजवीकडून येते, तर याचं तोंड डावीकडे. आणि सगळ्यावर कडी म्हणजे जुन्याची झडप दांडा ढकलला की उघडायची, याची ओढला की उघडते.

म्हातारी म्हणजे आमच्या दादाची गाडी. आम्ही दोघा भावांनी या शेडमध्ये जन्मभर लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या, पण आमची म्हणावी अशी ही एकच. तिचा जुना कार्ब्युरेटर बुडाशी चिरला, आणि ते ओतकाम असलं की झाळायला जावं तर हातात वितळतं. तो बनवणारा कारखाना बंद पडला तेव्हा आमच्या डोक्यावर केस होते. म्हणून हे नव्या जमान्याचं ठिगळ.

घाई गाडीची नव्हती, दादाची होती. डोक्यातली शीर फुटल्यापासून तो शेडला लागून असलेल्या खोलीत पलंगावर पडून होता. डोळे अर्धवट उघडे, हातपाय आपण जिथे ठेवू तिथे. डॉक्टरने डोळ्यांत टॉर्च मारली, तळव्याला सुई टोचली, कानाशी टाळ्या वाजवल्या आणि बऱ्याच लांबलचक शब्दांत सांगितलं की आत आता कुणी राहत नाही. माझी पुतणी, दादाची एकुलती एक, त्याला सोमवारी अशा माणसांच्या एका संस्थेत हलवणार होती.

“आई खंगत चाललीय, काका,” ती म्हणाली. “तिला उचलता येत नाही, तुम्हाला वाकता येत नाही.”

“मला वाकता येत नाही? मग दिवसभर इंजिनात डोकं काय आरसा बघायला घालतो?”

“इंजिनात वाकता. बाबांची कूस बदलायची म्हटलं की कंबर धरून बसता.”

खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून मी नुसता ओरडलो. “त्याला ऐकू येतं! त्या डॉक्टरच्या टाळ्यांशी त्याचं काय देणंघेणं? म्हातारीचा आवाज कानावर पडू दे, मग बघ.”

ती फार दमलेली होती. “बरं. रविवारपर्यंत करा चालू. बाबांनी बोट जरी हलवलं तरी मी संस्थेचं नाव काढणार नाही. नाहीतर सोमवारी तुम्ही मध्ये पडायचं नाही.”

झालं. लेथवाल्याकडून इंजिन आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये घालायची जाड पट्टी करून आणली. त्याने आधी दोनदा ती उलटी केली आणि वर मलाच म्हणाला, “आजोबा, बैलावर घोड्याचं खोगीर कशाला घालताय?” पट्टी बसली तर कार्ब्युरेटर इतका उंच झाला की बॉनेट लागेना. गॅस्केटचा कागद कापला, तो आवळताना फाटला. दुसरा कापला, तो बसला, पण स्टडाचे आटे गेले. नळी वाकवताना मुडपली. पाना हातातून निसटून इंजिनाच्या पोटात कुठेतरी गेला आणि अजून तिथेच आहे. वहिनी चहा ठेवून जायच्या, तो गार झाल्यावर माझ्या लक्षात यायचा, आणि गार चहाचा रागही मी त्या कार्ब्युरेटरवरच काढायचो. पेडलपासून येणारा दांडा तर मी शेवटी जोडलाच नाही. ढकलणारा दांडा ओढणाऱ्याला कसा जोडायचा हे नंतर बघू म्हटलं. कार्ब्युरेटरची झडप स्प्रिंगने बंद ठेवली आणि रेस न देता नुसतं स्लोवर इंजिन फिरतं का ते पाहायचं ठरवलं.

रविवारी दुपारी म्हातारी खोकली, शिंकली, पुन्हा खोकली आणि एकदाची चालू झाली. पण कसली? तिचा आवाज वर चढायचा, खाली पडायचा, मध्येच एक ठोका खायचा. हा आवाज ऐकून मेलेला उठेल तो फक्त शिव्या द्यायला. शेड आणि दादाच्या खोलीमधल्या भिंतीत वर, हात पोचणार नाही अशी एक जाळीची खिडकी आहे, तिच्यातून सगळं पलीकडे जातं. मी कान देऊन बसलो. पलीकडे काही नाही. वहिनींच्या बांगड्या, एवढंच.

मग मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन हवा-पेट्रोलचं मिक्श्चर लावायला वाकलो. हे काम आमच्याकडे कायम दोघांचं. दादा सीटवर, पाय अॅक्सिलरेटरवर. मी बॉनेटखाली, हात स्क्रूवर. उघड्या बॉनेटमुळे ना तो मला दिसायचा, ना मी त्याला. मी हाक द्यायचो, तो पाय द्यायचा. तोंडाला त्याची इतकी सवय की स्क्रू अर्धा फिरवला आणि मी ओरडलो, “रेस दे!”

आणि इंजिनाने रेस घेतली.

मी म्हटलं, एअर घेतंय कुठूनतरी. “सोड,” असं तोंडातून आपोआप गेलं आणि इंजिन खाली आलं. मी गॅस्केटच्या कडेने तेल सोडून पाहिलं. कुठे बुडबुडा नाही, कुठे ओढ नाही. वाकून सीटवर पाहिलं. सीट रिकामी. पेडलचा दांडा लोंबत होता, माझ्या गुडघ्याला लागत होता. मग मी त्या झडपेवर नजर रोखून अगदी हळू म्हणालो, “थोडी दे.” आधी काही नाही. मग झडप स्प्रिंगच्या विरुद्ध केसभर उघडली, थबकली, आणखी केसभर उघडली.

आमचा दादा असाच रेस द्यायचा. आधी थबकून.

मला भीती वाटली असं म्हणणार नाही. मला राग आला. यंत्राने माणसाचं बोलणं ऐकलं म्हणजे ते बिघडलेलं असतं, आणि एवढा जीव काढून बसवलेला हा कार्ब्युरेटर बिघडलेला निघावा? “दे! दे की! आणखी दे!” मी खेकसलो, आणि म्हातारी इतक्या जोरात ओरडली की भिंतीवरचे पाने वाजले.

“भावजी!” खिडकीतून वहिनींचा आवाज फाटल्यासारखा आला. “भावजी, यांचा पाय हलला!”

“कुठला?”

“उजवा! खाली दाबला, चादर ओढली गेली!”

मी हात पुसले. का पुसले कुणास ठाऊक. “सोड,” मी म्हणालो.

“वर घेतला!” वहिनी रडायला लागल्या. “अहो, वर घेतला पाय!”

पुतणी संस्थेत न्यायचे कपडे भरत होती, ती धावत आली. मला खिडकीतून तिची पावलं कळली. मी दे म्हणालो, सोड म्हणालो, थोडी म्हणालो, पुरे म्हणालो. आणि दर वेळी इकडे झडप आणि तिकडे वहिनींचा हुंदका. मिक्श्चर कधी नव्हे इतकं सुरेख लागलं. म्हातारी घड्याळासारखी फिरू लागली.

“आई,” पुतणीचा आवाज आला, “संस्थेची उद्याची गाडी नको म्हणून कळवते मी.”

जिंकलो होतो. पण सगळ्यांनी पाहिलं आणि मीच तेवढं पाहिलं नव्हतं. इंजिन तसंच फिरतं ठेवून मी शेडच्या मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून, खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेलो. दोघी पलंगाच्या पायथ्याशी, माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. दादा तसाच, डोळे अर्धवट. चादरीखाली पायाचा उंचवटा निपचित. हाक मारणारा इथे उभा, मग पाय हलणार कसा, असं मनात आलं, आणि मी हसणार होतो.

“थोडी दे,” खिडकीतून आवाज आला.

उंचवटा केसभर खाली गेला, थबकला, मग आणखी खाली गेला. पलीकडे म्हातारीने रेस घेतली.

माझं तोंड मिटलेलं होतं. मी ओठांना हात लावून पाहिला. बोटांना पेट्रोलचा वास होता.

पुतणी खिडकीकडे मान वर करून, डोळे पुसत, लहानपणीच्या आवाजात म्हणाली, “काका, अजून एकदा म्हणा ना!”

“ऐकलं गं,” खिडकीपलीकडून कुणीतरी माझ्या आवाजात, अगदी माझ्यासारखंच वैतागून म्हणालं. “जरा हात मोकळा होऊ दे.”

आणि चादरीखाली दादाचा पाय वाट बघत, तयारीत, किंचित वर उचललेला राहिला.